बोटीचा दोन रात्रींचा मुक्काम

माझ्या सासूबाईंना गाडी लागते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी बोट का घेतली असा प्रश्न पुढे पडणार नाही. माझ्या बायकोला तो अजून पडतो.

गाडी लागते म्हणजे थोडीथोडकी नाही. लिंबू हुंगून, आलेपाक चघळून, खिडकीशी बसून भागेल अशातलं ते प्रकरण नव्हे. त्यांचं गाव धरणाच्या पलीकडच्या काठावर, डोंगराच्या पायथ्याशी. आमचं मूळ गाव अलीकडच्या काठावर. आमच्या अंगणात उभं राहिलं की त्यांच्या घराचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात. पण मध्ये पाणी. रस्त्यानं जायचं तर सगळ्या जलाशयाला वळसा, आणि त्या वळशात वळणं किती हे फक्त सासूबाईच सांगू शकतील, कारण प्रत्येक वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावलेली आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या तळेगावच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मी त्यांना आणायला गाडी घेऊन गेलो. निम्म्या वाटेत त्या उतरल्या, रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी जा म्होरं. मी चालत माघारी जाते." आणि खरंच निघाल्या. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून त्यांच्या मागे मागे गावापर्यंत गेलो. वाटेतल्या लोकांना वाटलं, मिरवणूक आहे.

तेव्हापासून त्यांनी चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूत बसणं सोडलं. सासूबाईंना मी मामी म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे शाबूत आहेत, दात गेलेत, आणि मत प्रत्येक गोष्टीवर आहे.

मग आमच्या मुलीचं लग्न ठरलं. लहानपणी तिची प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी मामींकडे गेली. चुलीवर भात कसा मुरवायचा आणि माणसाला गप्प कसं बसवायचं, या दोन्ही गोष्टी ती तिकडूनच शिकून आली. साखरपुड्याची बोलणी चालू असताना ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी नसेल तर मी पाटावर बसणार नाही."

आमच्या घरात जो ओरडून बोलतो त्याचं कुणी ऐकत नाही. तो मी. ती हळू बोलते, म्हणून तिचं सगळे ऐकतात. तळेगावचा हॉल रद्द झाला. साखरपुडा गावी, माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात मांडव घालून करायचा ठरला. वैशाखातला रविवार, सकाळी साडेअकरा. आता मामींनी फक्त पाणी ओलांडायचं बाकी होतं.

"आईच्या शेजारी भाऊ म्हणून एक मासे धरणारा आहे," बायको म्हणाली. "त्याची होडी आहे. तो आणून सोडेल."

इथं विषय संपला होता. मी तो संपू दिला नाही.

"डांबर फासलेल्या होडीतून? नातीच्या साखरपुड्याला?" मी म्हणालो. "जावई असताना?"

"जावयाकडे काय आहे?"

त्या वेळी काही नव्हतं. पंधरा दिवसांनी होतं. कुसगावात एका हॉटेलच्या परसात फायबरची एक बोट बरीच वर्षं पडून होती. पांढरी, बाजूला निळी पट्टी, चार माणसांची, दोन वल्ही. तिच्यात शेवंतीच्या कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. मालक कुंड्या बाहेर काढताना फार हळहळला. बोट चालली म्हणून नाही, आता कुंड्या ठेवायच्या कुठं म्हणून. मी त्या हळहळण्याचा अर्थ तेव्हाच लावायला हवा होता.

बोट चालवता येते का, असं बायकोनं विचारलं. मी म्हणालो, वल्ही आहेत, मारायची. मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. अशा माणसाला स्वतःला काही येत असावं लागत नाही, आणि हे त्याच्या कधी लक्षातही येत नाही.

बोट टेम्पोतून गावापर्यंत आली, आणि मग कळलं की ती पाण्यात उतरवायला जागाच नाही. लहानपणी आम्ही म्हशी घेऊन वाटेल तिथून पाण्यात उतरायचो. आता काठभर तारेचं कुंपण आहे आणि कुंपणाआड तंबू. शनिवारी त्यात शहरातली माणसं येऊन शेकोटी पेटवतात आणि सगळे मिळून एकच गाणं म्हणतात. थेट पाण्यापर्यंत उतार असलेली एकच जागा उरली होती, ती म्हणजे बोटिंग क्लबची. तिथं बोट रात्री मुक्कामाला ठेवता येते, असं फाटकावरच लिहिलेलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी टेम्पो मिळणार नव्हता, म्हणून शुक्रवारी दुपारीच मी बोट घेऊन क्लबात गेलो.

रिसेप्शनवर तिशीतला मॅनेजर होता. त्याच्या टी-शर्टाच्या खिशावर जहाजाचा नांगर भरतकामानं काढला होता. त्या क्लबात मी पाहिलेला तेवढाच नांगर.

"किती रात्री, सर?"

"दोन. रविवारी सकाळी सातला नेणार."

"पाहुणे किती?"

"पाहुणे नाहीत. बोट आहे."

"राहणार कोण?"

"बोट."

त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. कॉम्प्युटरला हे मान्य नव्हतं. "सर, एक नाव टाकावंच लागतं. आणि आधार कार्ड."

मी माझं दिलं. त्यामुळे कागदोपत्री त्या दोन रात्री तिथं मी राहिलो.

भाडं फुटावर होतं. वॉचमननं टेप आणली आणि बोट मोजली. मागच्या बाजूनं वल्ही दोन फूट बाहेर आली होती, तीही मोजली.

"वल्ही आत घेतो की," मी म्हणालो.

"आता मोजून झालं, साहेब," वॉचमन म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण टेप त्यानं गुंडाळून खिशात घातली होती.

त्यावर वीकेंडचा जादा दर. त्यावर जागा पाण्यासमोर असल्याचे वेगळे. बोटीला पाण्यासमोरची जागा नको असेल तर दुसरी कुठं मिळेल, असं मी विचारलं. मॅनेजरनं मनापासून विचार केला आणि मागची पार्किंगची जागा दाखवली. मी पाण्यासमोरची घेतली. एकूण आकडा मी बायकोला फोनवर सांगितला.

"एवढ्यात लोणावळ्यात एसी खोली मिळते," ती म्हणाली.

"वीकेंड आहे."

"नाश्ता आहे का त्यात?"

मी फोनवर हात ठेवून विचारलं. नाश्ता होता. एका व्यक्तीचा, आठ ते दहा.

दरपत्रकाच्या खाली सोयी लिहिल्या होत्या. तरंगता धक्का, पिण्याचं पाणी, विजेची जोडणी, आणि रात्रीतून दोनदा कर्मचाऱ्यांकडून पाहणी. तरंगत्या धक्क्याला क्लबच्या स्वतःच्या पायडलच्या बोटी बांधलेल्या होत्या, हंसाच्या आकाराच्या. तो धक्का मेंबरांसाठी, असं कळलं. नळाला चावी नव्हती, चावी ऑफिसात होती, ऑफिसची किल्ली मॅनेजरच्या दुसऱ्या पँटमध्ये होती. विजेचा खांब होता. मला वीज कशालाच नको होती, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या बोटीला काठावरची लोखंडी खुंटी मिळाली. तिच्यावर चार नंबर होता. एक, दोन आणि तीन कुठं दिसले नाहीत.

आता माझा भाग.

मी नवीन नायलॉनची लांबलचक दोरी आणली होती. पण माझ्या हातांना गाठ एकच येते, बैलाच्या दाव्याची. आमच्या वडिलांचा नियम होता: बैल दिवसा लांब, रात्री आखूड. रात्री त्याला बसता यावं आणि तोंड गव्हाणीला लागावं, एवढंच दावं. जास्त ठेवलं तर पाय अडकतो, नाहीतर शेजारच्याला शिंग लागतं. आमच्या गोठ्यातला शेवटचा बैल जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण हात विसरलेले नाहीत. मी बोट ओढून तिचं नाक काठाला टेकवलं, दोन हात दोरी ठेवून खुंटीला आवळली आणि उरलेली दोरी नीट वेटोळं करून बोटीत ठेवली. मग चार पावलं मागं सरून पाहिलं. वडिलांनी शाबासकी दिली असती.

खुंटीमागं इंग्रजीत नियमांची पाटी होती. तेरा नियम. क्वालिटीचा माणूस म्हणून मी त्यातले पहिले चार वाचले.

वैशाखात धरणाचं पाणी रोज उतरतं. खाली शहरांना सोडतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझं बालपण त्या काठावर गेलं. पण ते म्हशींच्या संदर्भात माहीत होतं. म्हैस पाण्यामागं आपली आपण जाते.

शनिवार मांडवात गेला. साखरेचे पुडे, खुर्च्या, मुलाकडच्यांच्या चहाला साखर कमी की जास्त. संध्याकाळी क्लबला एक फोन केला. बोट ठीक आहे ना? "एकदम, सर," मॅनेजर म्हणाला, आणि मी निर्धास्त झोपलो.

रविवारी सकाळी सातला मी नवा झब्बा घालून क्लबच्या फाटकावर गेलो. बायकोनं खास आणलेला, मोतिया रंगाचा. वॉचमननं फाटक अर्धं उघडलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, पाणी जरा गेलंय."

जरा म्हणजे दहा पावलं. बोट होती तिथंच होती. पाणी नव्हतं. जिथं परवा पाणी होतं तिथं चिखल होता, चिखलातून मातीचा एक लांबट उंचवटा वर आला होता आणि त्याच्यावर माझी बोट पोट टेकून, शेपूट गाळात रुतवून, तिरकी बसली होती. गळ्यात दोन हात दावं.

"रात्री पाहणी करतात ना?" मी म्हणालो.

"केली की. दोनदा."

"मग दिसलं नाही?"

"दिसलं. वहीत लिवलंय."

त्यानं वही आणली. तारीख, वेळ, सही, सगळं जागच्या जागी. दोन्ही वेळचा शेरा एकच: चार नंबरची बोट जागेवर आहे, हलली नाही. सव्वीस वर्षांत मी इतकी अचूक नोंद पाहिली नव्हती. तिच्यात काढायला चूक नव्हती.

"मग दोरी सोडायची ना थोडी!"

"आमी पाव्हण्यांच्या वस्तूला हात लावत न्हाई," तो म्हणाला आणि पाटीकडे बोट केलं. अकरावा नियम: पाणी उतरते, दोरी लांब ठेवावी, जबाबदारी बोटमालकाची. बारावा नियम हात न लावण्याचा.

मी मॅनेजरला फोन केला. तो झोपेत होता. "सर, ढकलण्याची सर्व्हिस आपल्या पॅकेजमध्ये येत नाही. स्टाफ नऊला येईल, तेव्हा बघू. तोपर्यंत कॉम्प्लिमेंटरी सरबत घ्या."

"सरबत कोण देणार?"

"स्टाफ."

तेवढ्यात मामींचा फोन आला. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि तो त्यांच्या काठावरच्या एका आंब्याखालीच लागतो. फोन आला म्हणजे त्या आंब्याखाली येऊन बसल्या होत्या.

"पाव्हणं, निगाला का?"

"निघालोच, मामी."

"मी सा वाजल्यापासनं हितं हाय. ऊन व्हायच्या आत यावा. डोक्यावर ऊन आलं की मला पाण्यावर बी चकरायचं."

मी पाण्यापलीकडे पाहिलं. काठावर आंबा होता आणि आंब्याखाली हिरव्या रंगाचा एक ठिपका. हिरवं लुगडं त्यांनी नातीच्या साखरपुड्यासाठीच ठेवलेलं होतं. मी हात हलवला. का, ते माहीत नाही. त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं, आणि दिसलो असतो तर चिखल पण दिसला असता.

मग मी पायजमा गुडघ्यावर घेतला आणि गाळात उतरलो. पहिल्या पावलाला घोटा गेला. दुसऱ्याला पोटरी. तिसऱ्याला उजवी चप्पल गेली, ती अजून तिथंच आहे. बोटीला खांदा लावून जोर केला की बोट जागेवर राहायची आणि मी खाली जायचो. वॉचमन काठावरून सूचना देत होता. त्याला नोकरीत फाटक दिलेलं आहे, पाणी मॅनेजरकडे आहे, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. अर्ध्या तासानं मी कमरेपर्यंत गाळात होतो आणि बोट तसूभरही हलली नव्हती. वहीत पुन्हा तोच शेरा मारता आला असता.

आठ वाजता बायको आली. मुलीनं पाठवलं होतं. साडी नेसवायला बाई आली होती, केस विंचरून झाले होते आणि मुलगी पदर न घेता तशीच बसून होती: आजी आल्याशिवाय पुढचं काही नाही.

बायको काठावर उभी राहिली. तिनं बोट पाहिली. खुंटी पाहिली. दोरी पाहिली. शेवटी मला पाहिलं.

"बैलासारखी बांधलीत?"

तिनं फोन काढला.

"आई, ह्यांनी बोट आखूड बांधली. पाणी गेलं, बोट राहिली."

फोन कानाला लावलेला होता, तरी पलीकडचं हसू मला कमरेएवढ्या चिखलात स्पष्ट ऐकू आलं. ते बराच वेळ चाललं. मग मामी म्हणाल्या, "ठेव फोन. भाऊ हितंच हाय, जाळं सोडवत बसलाय."

थोड्या वेळानं आंब्याखालचा हिरवा ठिपका हलला, आणि एक काळा ठिपका त्याला घेऊन पाण्यावर आला. मी बोट ढकलत राहिलो. थांबलो असतो तर तिकडे बघत बसावं लागलं असतं.

भाऊचं वल्हं सावकाश पडत होतं. ठिपक्याची होडी झाली, होडीत माणसं दिसायला लागली. आणि बरोबर मध्यावर होडी थांबली.

बायको दोन पावलं पुढं आली. तिची चप्पलही गेली. "होडी लागली वाटतं आईला," ती म्हणाली.

आम्ही तिघंही, वॉचमन धरून, तिकडे बघत होतो. होडी हलत नव्हती. हिरवं लुगडं एका बाजूला वाकलं होतं, पाण्याकडे. गाडीत त्या अशाच वाकायच्या. आता त्या भाऊला माघारी फिरायला सांगणार, हे मला दिसायला लागलं. त्यानंतर मुलगी पाटावर बसणार नाही, मुलाकडचे लोक येऊन ताटकळणार, आणि पुढची तीस वर्षं आमच्या घरात एकाच बोटीची गोष्ट सांगितली जाणार. बायकोनं फोन लावला. लागला नाही. तो आंब्याखालीच लागतो.

मग होडी हलली. आमच्या दिशेनं.

जवळ आली तेव्हा पाहिलं, मामी होडीच्या मध्यभागी फळीवर ताठ बसल्या होत्या, मांडीवर तांदळाची पिशवी. चेहरा अगदी ताजा.

"आई, मध्येच का थांबलीस?" बायको ओरडली.

"घर आलं व्हतं," मामी म्हणाल्या. "जुनं. धरणात गेलेलं. त्याच्यावरनं चाललो व्हतो, तवा म्हनलं जरा थांब रं भाऊ. दिसत काय न्हाई. पर थांबावं."

होडी काठाला लागायच्या आत मॅनेजर आला. नऊ वाजायला वेळ होता आणि केस ओले होते. बाहेरची होडी लागतेय असं वॉचमननं त्याला कळवलं होतं. माझी बोट रुतली तेव्हा त्याला नऊ वाजावे लागणार होते.

"आजी, इथं उतरायचं असेल तर लँडिंग चार्ज आहे," तो म्हणाला. "होडीचा वेगळा."

मामींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या माझ्या बोटीखालच्या उंचवट्याकडे बघत होत्या. तो मातीचा पट्टा वाकत वाकत डावीकडे गेला होता आणि एका मोठ्या दगडापाशी काटकोनात वळला होता.

"भाऊ, त्यो धोंडा बग," त्या म्हणाल्या. "ह्यो आमचाच बांध."

"कुठला बांध?" मॅनेजर म्हणाला.

"खाचराचा. लग्न होऊन आले तवा मदनं नदी व्हती. हिकडं नदीच्या अंगाला आमची दोन खाचरं. त्या धोंड्यावर मी भाकरीचं टोपलं ठेवायची." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं, आमच्या बांधावर होडी कुणी लावली?"

"मी," मी म्हणालो.

"फुकट?"

मी आकडा सांगितला. फुटावर आहे हेही सांगितलं. भाऊनं वल्हं खाली ठेवलं आणि तोंडावरून हात फिरवला.

"आजी, ही जमीन आता सरकारची आहे," मॅनेजर म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. कान लाल झाले होते.

"व्हय, सरकारचीच. आमी दिली की. मग तू कशाचं घेतो?"

"मेंटेनन्सचं."

मामींनी चहूकडे पाहिलं. चार नंबरची खुंटी, चावी नसलेला नळ, हंस, कमरेपर्यंत जावई. घाई अशी काही केली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "हात दे. उतरू दे."

आणि मॅनेजरनं हात दिला. बाराव्या नियमाची आठवण त्याला वॉचमननंही करून दिली नाही. मामींनी लुगड्याचा ओचा वर खोवला, तांदळाची पिशवी काखेत मारली आणि पाय टाकला. मी डोळे मिटले, कारण तिथं मांडीएवढा गाळ होता हे मला अंगानं माहीत होतं. पण त्यांचा पाय घोट्यापर्यंतही गेला नाही. त्या बांधावर उतरल्या होत्या. वरून त्या उंचवट्यावरही तसाच चिखल दिसत होता, पण खालचं कठीण कुठून कुठं जातं ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं. डावीकडे चार पावलं, दगडापाशी वळण, मग सरळ काठाला. नवं हिरवं लुगडं कोरडंच्या कोरडं.

काठावर पोचून त्या मागं वळल्या. "हितनं या पाव्हणं, बांधावरनं. मदीच कशाला उभं ऱ्हायलाय?"

वर आलो. त्यांनी खुंटीवरची गाठ पाहिली, वाकून बोटांनी चाचपली.

"गाठ चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पळून जाईल म्हनून बांधली का?"

मॅनेजर अजून तिथंच होता. काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटत असावं. "सर," तो म्हणाला, "तुमचा नाश्ता राहिलाय. एकाचा."

पोहे आले. ते मामींनी खाल्ले, हंसांकडे बघत, क्लबच्या खुर्चीत बसून. दात नसल्यामुळे वेळ लागला. शेवटचा घास घेऊन त्यांनी प्लेट मॅनेजरच्या हातात दिली. "मीठ न्हाई," त्या म्हणाल्या. लँडिंग चार्जचा विषय पुन्हा निघाला नाही. माझं बिल मात्र पुरतं आलं, वर रविवारचा अर्धा दिवस, कारण बोट सातला निघाली नव्हती. ते मी भरलं. नियम नववा.

भावाच्या घरापर्यंत मामी चालत गेल्या, पुढं त्या, मागं आम्ही. दारात मुलगी अर्धवट नेसलेल्या साडीत उभी होती. मामींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तोच हात नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ह्ये कसलं त्याल लावलंय?" मग आत गेल्या. साडेअकराला मुलगी पाटावर बसली. मुलाकडच्यांनी ओटी भरली, साखरेचे पुडे वाटले गेले, आणि फोटोंमध्ये मी भावाच्या झब्ब्यात आहे. तो दंडाला घट्ट होतो. फोटोत मी जावई वाटत नाही, सासराही वाटत नाही. अल्बममध्ये ते पान आलं की मुलगी माझ्या दंडावर बोट ठेवून थांबते.

जेवणं झाल्यावर मुलाकडच्या चार जणांनी बोट पाहायला मागितली. मामींनी त्यांना बांधावरून कुठं उभं राहायचं ते दाखवलं, आणि चौघांनी ती एका दमात पाण्यात लोटली. मुलाच्या वडिलांनी हात झटकत मला विचारलं, "आपण काय, सेलिंग वगैरे करता?" मी म्हणालो, "अधूनमधून."

संध्याकाळी मामी भाऊच्या होडीतूनच परत गेल्या. माझी बोट मागं दोरीनं बांधून नेली, रिकामी. मला बसायला कुणी सांगितलं नाही.

आता बोट पलीकडे त्या आंब्याला असते. तिला खुंटी नाही, नंबर नाही, वीज नाही. भाडं म्हणजे महिन्यातून एकदा जाऊन दोन वाढी भात खायचा आणि गप्प बसून ऐकायचं. पाणी उतरतं तेव्हा मामी रोज सकाळी हातभर दोरी सोडतात, चढतं तेव्हा घेतात. पहाटे त्या उठतातच, रात्रीही एकदा उठतात, तेव्हा बॅटरी घेऊन बोटीकडे बघून येतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. दर रविवारी आंब्याखालून फोन येतो.

"पाव्हणं, तुमची होडी बरी हाय. दोनदा बगितली. जाग्यावर हाय."

मी बरं म्हणतो आणि फोन ठेवतो.

"काय म्हणाली आई?" बायको विचारते.

"बोट बरी आहे."

"आणि ती?"

ते विचारायचं राहिलेलं असतं. मी पुन्हा फोन लावतो, पण तोवर त्या आंब्याखालून निघून गेलेल्या असतात.